स्वस्त पैसा कोणाचा, तोटा कोणाचा?

२०२५ सालाच्या अखेरच्या चार महिन्यांत अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर, ऑक्टोबर आणि डिसेंबर अशी तीनदा व्याजदरात कपात केली. व्याज उतरले की शेअर चढतात आणि त्यांच्याही पुढे क्रिप्टो म्हणजे आभासी चलने चढतात, असे बाजारातले पंडित गेली पाच वर्षे सांगत आले आहेत. प्रत्यक्षात घडले ते वेगळेच. अमेरिकेतील पाचशे बड्या कंपन्यांचा एस अँड पी निर्देशांक वर्षअखेर सुमारे १६ टक्क्यांनी वर होता. ६ ऑक्टोबर रोजी एक लाख सव्वीस हजार डॉलरचा टप्पा ओलांडणारे बिटकॉइन मात्र नोव्हेंबरात नव्वद हजारांच्या खाली आले आणि वर्ष सुरू झाले त्याहूनही कमी भावाने त्याने वर्ष संपविले. व्याजदर दोघांना एकच होता. एकाला तो पावला, दुसऱ्याला पावला नाही. असे का व्हावे?

सट्टेबाजांच्या नफ्यातोट्याशी समाजवादी कार्यकर्त्याला काय कर्तव्य आहे, असे आमच्या काही वाचकांना वाटेल. काही वर्षांपूर्वी ते खरेही होते. आज मात्र गिरणगावातील निवृत्त कामगाराचा नातू, तालुक्याच्या गावी स्पर्धापरीक्षेची वाट पाहणारा पदवीधर आणि कंत्राटी शिक्षक यांच्या खिशातील भ्रमणध्वनीवर हा बाजार चोवीस तास उघडा असतो. ज्या घरात पूर्वी पोस्टाचे पासबुक असे, त्या घरात आता शेअरचे आणि आभासी नाण्यांचे खाते आहे. हे स्थित्यंतर केवळ हावेमुळे झालेले नाही. त्यामागे व्याजदराचे धोरण आहे, आणि त्या धोरणाचा भार कोणावर पडतो हा निखालस राजकीय प्रश्न आहे.

आधी शेअरची गोष्ट पाहू. शेअर हा कारखान्याच्या नफ्यातील हिस्सा असतो आणि तो नफा कामगाराच्या श्रमातून निर्माण होतो. त्याची किंमत ठरविताना भांडवलदार एकच तुलना करतो : हाच पैसा व्याजाने लावला असता तर काय मिळाले असते? ठेवीवर ५ टक्के व्याज मिळत असेल, तर दरसाल १० रुपये लाभांश देणाऱ्या शेअरची किंमत २०० रुपयांच्या आसपास ठरेल. कारण २०० रुपये ठेवीत ठेवूनही तेवढेच १० रुपये हाती आले असते. उद्या व्याज १० टक्के झाले, तर त्याच १० रुपयांसाठी १०० रुपये पुरतात. मग तो शेअर २०० रुपयांना कोण घेईल? कंपनी तीच, यंत्रे तीच, कामगार तेच, लाभांशही तोच. तरी भाव निम्म्यावर येतो. हे उदाहरण अर्थातच सोपे करून मांडले आहे, परंतु व्याजदराची आणि शेअरबाजाराची मूळ गाठ तीच आहे.

या हिशेबात आणखी एक मेख आहे. नफा जितका दूरच्या भविष्यात, तितका व्याजवाढीचा घाव खोल. वीस वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मोल व्याज २ टक्के असताना सुमारे ६७ रुपये भरते. तेच व्याज ६ टक्के झाले की ३१ रुपयांवर येते. उलट पुढल्याच वर्षी मिळणाऱ्या १०० रुपयांचे मोल ९८ वरून ९४ पर्यंतच घसरते. म्हणून आज नफा कमावणाऱ्या जुन्या कंपन्यांपेक्षा उद्याच्या आशेवर चढलेल्या तंत्रज्ञान कंपन्या व्याजवाढीत अधिक होरपळतात.

२०२२ साली याचा पडताळा आला. जवळजवळ शून्यावर ठेवलेला व्याजदर फेडरल रिझर्व्हने मार्च ते डिसेंबर या दहा महिन्यांत ४.२५ ते ४.५० टक्क्यांच्या पट्ट्यात नेऊन ठेवला. त्या वर्षी जुन्या, भरभक्कम कंपन्यांचा डाऊ जोन्स निर्देशांक सुमारे ९ टक्के घसरला. एस अँड पी १९ टक्के घसरला. तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला नॅसडॅक ३३ टक्के घसरला. आणि बिटकॉइन सुमारे ६४ टक्के कोसळले. ही उतरंड ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हातात येणारे उत्पन्न जितके कमी आणि भविष्याच्या आशेवर भिस्त जितकी जास्त, तितकी घसरण मोठी.

बिटकॉइन या उतरंडीच्या तळाशी का, हे उघड आहे. त्याच्यामागे कारखाना नाही, जमीन नाही, कर गोळा करणारे सरकार नाही. त्यावर व्याज मिळत नाही की लाभांश मिळत नाही. आपल्यानंतर येणारा गिऱ्हाईक आपल्यापेक्षा जास्त भाव देईल, हाच त्याचा आधार. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये, या चलनांमागे ट्युलिपच्या फुलाइतकाही आधार नाही, अशा आशयाचा इशारा दिला होता. ज्या वस्तूला स्वतःचे उत्पन्न नाही, तिची किंमत बाजारात फिरणाऱ्या रिकाम्या पैशावर आणि लोकांच्या मनःस्थितीवर तरंगते. ठेवीत पाच टक्के मिळू लागले की असा पैसा सर्वांत आधी तेथूनच काढता पाय घेतो.

वास्तविक या चलनाचा जन्म झाला तो अगदी उलट प्रतिज्ञेने. २००८ च्या अरिष्टात सरकारांनी बड्या बँकांना जनतेच्या पैशातून वाचविले, त्याचा संताप जगभर होता. जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनच्या पहिल्याच नोंदीत ब्रिटनमधील बँकांना द्यावयाच्या मदतीविषयीचा वृत्तपत्रीय मथळा कोरलेला आहे. मध्यवर्ती बँकांच्या लहरीवर अवलंबून नसणारे, २ कोटी १० लाखांहून अधिक कधीच न निघणारे, म्हणून महागाईला पुरून उरणारे असे हे नाणे असेल, असे सांगितले गेले. संताप रास्त होता, प्रतिज्ञा मात्र पोकळ ठरली. जून २०२२ मध्ये अमेरिकेतील महागाई ९.१ टक्क्यांवर, म्हणजे चाळीस वर्षांतील उच्चांकावर होती. महागाईपासून आसरा देणाऱ्या वस्तूची परीक्षा याहून चांगली कोणती? आणि नेमक्या त्याच काळात तो आसरा ढासळत होता. मध्यवर्ती बँकेपासून मुक्ती मागणारे नाणे त्या बँकेच्या प्रत्येक बैठकीकडे डोळे लावून बसू लागले.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२२ मध्ये याची आकडेवारीच मांडली होती. बिटकॉइन आणि एस अँड पी यांच्या रोजच्या चढउतारातील सहसंबंध २०१७ ते २०१९ या काळात ०.०१, म्हणजे जवळजवळ नव्हताच. २०२०-२१ मध्ये तो ०.३६ झाला. मधल्या काळात काय घडले? १५ मार्च २०२० रोजी करोनाच्या धास्तीने फेडरल रिझर्व्हने व्याजदर शून्याला टेकविला आणि रोखे खरेदी करून बाजारात पैसा ओतला. त्या बँकेच्या ताळेबंदाचा आकार सुमारे ४.२ लाख कोटी डॉलरवरून दोन वर्षांत ९ लाख कोटींच्या जवळ पोहोचला. हा पैसा बेकार झालेल्या कामगाराच्या हाती जितका गेला, त्याहून अधिक मत्ताधारकांच्या हाती साचला आणि तेथून सर्व बाजारांत शिरला. मार्च २०२० मध्ये पाच हजार डॉलरच्या खाली गेलेले बिटकॉइन नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजारांच्या घरात होते. त्याच स्वस्त पैशाने शेअरही चढले. दोन्ही गलबते एकाच भरतीवर उचलली गेली.

ओहोटी लागली तेव्हा फरक दिसला. आभासी चलनांच्या दुनियेत कर्जावर कर्ज रचलेले होते. टेरा नामक चलनाच्या अँकर योजनेत ठेवीवर जवळजवळ २० टक्के व्याजाचे आमिष होते. असे व्याज कोठून येते, हा साधा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. आपल्याकडे दामदुपटीच्या योजनांनी पोळलेल्या गावांना त्याचे उत्तर ठाऊक आहे : नव्या ठेवीदाराच्या पैशातून किंवा प्रवर्तकाच्या तिजोरीतून, आणि दोन्ही आटेपर्यंतच. मे २०२२ मध्ये ती इमारत काही दिवसांत कोसळली आणि सुमारे ४० अब्ज डॉलर हवेत विरले. जूनमध्ये सेल्सियस या कंपनीने खातेदारांना पैसे देणे थांबविले. नोव्हेंबरात एफटीएक्स हा बडा बाजार दिवाळखोरीत गेला आणि त्याचा संस्थापक सॅम बँकमन-फ्राईड याला मार्च २०२४ मध्ये फसवणुकीबद्दल २५ वर्षांची शिक्षा झाली. व्याजवाढीने हे गुन्हे घडविले नाहीत. पाणी ओसरल्यावर ते उघडे पडले, इतकेच.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. व्याज वाढले की क्रिप्टो पडते, हा जर नियम, तर २०२३ चे काय? त्या वर्षी फेडरल रिझर्व्हने आणखी चारदा व्याज वाढवून ते ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेले, आणि तरीही बिटकॉइनचा भाव अडीचपट झाला. त्याची कारणे आहेत. बाजार आजच्या व्याजापेक्षा उद्याच्या व्याजाचा अदमास घेतो. आणि वॉल स्ट्रीटवरील बड्या वित्तसंस्थांना बिटकॉइनचे फंड काढण्याची परवानगी मिळणार अशी हवा होती, ती जानेवारी २०२४ मध्ये खरी ठरली. पण या अपवादाने आमचा मुद्दा खोडला जात नाही, उलट बळकट होतो. शेअर व्याजाच्या ताणाने वरखाली झाला तरी नफ्याच्या खुंटीला बांधलेला असतो. आभासी चलनाला खुंटीच नाही. म्हणून व्याज चढे असतानाही ते उधळते आणि व्याज उतरत असतानाही आपटते. २०२५ च्या अखेरीस जे घडले त्याचे मर्म हेच.

खुंटी असली की काय होते, ते आपल्याच देशात २०२२ साली दिसले. रिझर्व्ह बँकेने ४ मे २०२२ रोजी अचानक रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० वर नेला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० टक्के केला. परदेशी गुंतवणूकदारांनी २०२२ मध्ये भारतीय शेअरबाजारातून सव्वा लाख कोटी रुपयांच्या आसपास रक्कम काढून घेतली. तरीही मुंबईचा सेन्सेक्स ते वर्ष सुमारे ४ टक्के वाढीने संपवू शकला. कारण कंपन्यांचे नफे टिकून होते आणि देशातील लहान बचतदारांचा पैसा फंडांच्या मार्गाने बाजारात येत होता. व्याजदर हे भावाचे एक कारण आहे, एकमेव नव्हे. तथापि यावरून शेअरबाजार हे गोरगरिबांचे आश्रयस्थान ठरत नाही. परदेशी बडा गुंतवणूकदार ज्या भावाला बाहेर पडला, त्या भावाला आत शिरणारा कोण होता, हे विसरता कामा नये.

तोटा कोणाचा, या प्रश्नाचे उत्तरही उपलब्ध आहे. मध्यवर्ती बँकांची बँक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सने २०२२ साली ९५ देशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०१५ ते २०२२ या काळात बिटकॉइनमध्ये शिरलेल्या सामान्य लोकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी पैसे गमावले असावेत, असा त्याचा अंदाज आहे. त्याच संस्थेच्या पुढील वर्षीच्या टिपणात असे दिसले, की टेरा आणि एफटीएक्स कोसळताना बडे धारक विकत होते आणि लहान धारक घेत होते. शेअरबाजाराच्या सट्टेरी अंगातही चित्र निराळे नाही. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये खेळणाऱ्या भारतीय व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांचे २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत नुकसान झाले आणि त्याची बेरीज १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेली, असे सेबीच्याच अभ्यासात नमूद आहे. हा पैसा नष्ट झाला नाही. तो लहान खिशातून मोठ्या खिशात गेला.

हा लहान खिसा बाजाराकडे वळला कसा? २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवर आणला. त्याच वर्षी स्टेट बँकेच्या बचत खात्यावरील व्याज २.७० टक्क्यांवर आले. वर्षभराच्या ठेवीला ५ टक्क्यांच्या आसपास मिळू लागले. २०२०-२१ ची सरासरी महागाई ६.२ टक्के होती. म्हणजे बँकेत ठेवलेला रुपया दरसाल झिजत होता. निवृत्त माणसाला त्याच्या काटकसरीबद्दल दंड होऊ लागला. ३१ मार्च २०२१ रोजी तर केंद्र सरकारने भविष्य निर्वाह निधीच्या सार्वजनिक योजनेचे व्याज ७.१ वरून ६.४ टक्के करण्याचा आणि इतर अल्पबचतींवरही कुऱ्हाड चालविण्याचा आदेश काढला. पश्चिम बंगाल व आसामच्या निवडणुका चालू होत्या. दुसऱ्याच दिवशी सकाळी तो आदेश नजरचुकीने निघाला असे सांगून मागे घेण्यात आला. पुढे २०२१-२२ साठी कामगारांच्या निर्वाह निधीचे व्याज ८.१ टक्के, म्हणजे चार दशकांतील नीचांकी ठरले. त्याच सुमारास क्रिकेटच्या सामन्यांच्या मधल्या वेळेत क्रिप्टोच्या जाहिराती झळकत होत्या. मार्च २०२० मध्ये आपली शेअरची डिमॅट खाती चार कोटींच्या आसपास होती. दोन वर्षांत ती नऊ कोटींच्या घरात गेली. ठेवीदाराला एका हाताने ढकलायचे आणि दुसऱ्या हाताने जुगाराचे दार उघडायचे, यालाच आर्थिक समावेशन म्हणण्याची प्रथा पडली.

सरकारचे वर्तनही दुटप्पी आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास फर्माविले. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी तो आदेश रद्द ठरविला. त्यानंतर संसदेने कायदा करावयाचा होता. झाले काय? २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर ३० टक्के कर बसविला आणि प्रत्येक व्यवहारावर एक टक्का करकपात लावली. सट्ट्यावर कर असावा, याला आमचा विरोध नाही. परंतु खातेदाराच्या पैशाची हमी, बाजार चालविणाऱ्यांची जबाबदारी, दिवाळखोरीतील अग्रक्रम यांविषयी स्वतंत्र कायदा २०२५ संपेपर्यंत आला नव्हता. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या मुंबईतून चाललेल्या बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरची आभासी नाणी चोरीस गेली आणि खातेदारांचे पैसे महिनोन्‌महिने अडकून पडले. कर घेणारे सरकार त्यांच्या मदतीला आले नाही.

चढ्या व्याजाने क्रिप्टोच्या दुनियेत सर्वांचेच नुकसान होते, असेही समजू नये. डॉलरशी जखडलेली नाणी काढणाऱ्या टेदर या कंपनीने लोकांचे डॉलर घेऊन ते अमेरिकी सरकारच्या रोख्यांत गुंतविले. रोख्यांचे व्याज कंपनीला, धारकाला शून्य. २०२४ या एका वर्षात तिने १३ अब्ज डॉलरहून अधिक नफा जाहीर केला. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने केलेल्या कायद्याने तर अशा नाण्यांच्या धारकांना जारीकर्त्यांनी व्याज देण्यासच मनाई केली. स्वस्त पैशात जुगाराचा अड्डा फुलतो आणि महाग पैशात अड्ड्याचा मालक; खेळणाऱ्याची पाळी येतच नाही.

यावर उपाय म्हणून व्याज चढेच ठेवा असे म्हणणे सोपे, पण घातक. चढे व्याज सट्टेबाजाला जितके लागते, तितकेच ते घरकर्जाचा हप्ता भरणाऱ्या कामगाराला, भांडवल उसने घेणाऱ्या लघुउद्योजकाला आणि त्याच्याकडील रोजंदाराला लागते. आणि स्वस्त व्याजाचा लाभ तरी तळापर्यंत कोठे पोहोचतो? रेपो दर ४ टक्के होता तेव्हाही बचतगटातील बाई सूक्ष्मवित्त कंपनीला २० टक्क्यांहून अधिक व्याज देत होती. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या कंपन्यांवरील व्याजाची कमाल मर्यादाही उठविली. एकच व्याजदर साऱ्या समाजाला लावणे हे समान वागणुकीचे सोंग आहे. कारण पैसा कशासाठी हवा, हे तो दर विचारीत नाही.

हा प्रश्न विचारण्याची परंपरा आपल्या देशात होती. धान्य, कापूस, तेलबिया यांच्या साठेबाजीला बँकांचा पैसा मिळू नये म्हणून रिझर्व्ह बँकेने १९५६ पासून निवडक पतनियंत्रण वापरले. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७२ मध्ये दुर्बळांसाठी ४ टक्क्यांच्या भेददर कर्जयोजनेची सुरुवात झाली. या साधनांत दोष होते, गैरवापरही झाला. पण उत्पादनासाठीचा पैसा आणि सट्ट्यासाठीचा पैसा यांत भेद करता येतो, हे तत्त्व त्यांत होते. उदारीकरणाच्या काळात ते तत्त्व अडगळीत गेले.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या अल्पबचतीला, निवृत्तांच्या ठेवींना आणि कामगारांच्या निर्वाह निधीला महागाईच्या वर निश्चित व्याज मिळाले पाहिजे. सुरक्षित बचत हा जनतेचा हक्क आहे. बँका व वित्तसंस्थांचा पैसा कोणत्याही वाटेने सट्ट्याला जाऊ नये आणि शेती, लघुउद्योग, सहकार यांना तो स्वस्त मिळावा. सूक्ष्म कर्जावरील व्याजाला पुन्हा लगाम घालावा. आभासी चलनांच्या बाजारांनी खातेदारांची मत्ता स्वतःच्या धंद्यापासून वेगळी ठेवावी, उसन्या पैशावर खेळ चालवू नये, जाहिराती करू नयेत, असा कायदा व्हावा.

कार्यकर्त्यांपुढील काम याहूनही निकडीचे आहे. तरुणांना या बाजारापासून परावृत्त करताना त्यांच्या हावेवर प्रवचन देऊन भागणार नाही. नोकरी नाही, बचतीला व्याज नाही आणि घराची किंमत आवाक्याबाहेर, अशा अवस्थेत एका रात्रीत श्रीमंत होण्याचे स्वप्न हे त्याला शेवटचे दार वाटते. त्याच्याशी बोलताना हिशेब मांडावा : शेअरमागे कोणाचे श्रम आहेत, नाण्यामागे काय आहे, व्याज वाढले की प्रथम कोण बाहेर पडतो आणि शेवटी आत कोण उरतो. पोस्टाच्या खिडकीवर रास्त व्याज मिळू लागले, तर त्या मुलाला वॉशिंग्टनमधील बैठकीचा निकाल पाहण्यासाठी मध्यरात्री जागावे लागणार नाही. ती खिडकी पुन्हा भरवशाची करणे हे सरकारच्या हातात आहे, आणि सरकारला ते करावयास लावणे आपल्या.